प्रभार यादीतील शेरा

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, कागदोपत्री जन्मतारीख १ मे १९६७ आहे. ज्या कर्मचाऱ्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतो. त्यामुळे वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होताना त्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस ३० एप्रिल २०२५ हा ठरला. पाचवी ते नववीचा निकाल आम्ही महाराष्ट्र दिनी, म्हणजे १ मे रोजी लावतो. ज्या सत्राचा कारभार पहिल्या घंटेपासून त्यांनी पाहिला, त्या सत्राच्या प्रगतिपत्रकांवर मुख्याध्यापक म्हणून सही मात्र माझी होणार होती. एका दिवसाच्या या फरकावर शिक्षककक्षात बरेच विनोद झाले. त्यांच्या गावच्या गुरुजींनी नाव दाखल करताना एक तारखेऐवजी दोन लिहिली असती, तर बाईंना आणखी एक महिना मिळाला असता, असे आमच्या गणिताच्या मॅडमनी हिशेब करून सांगितले आणि स्वतः मोठ्या बाईही त्यावर हसल्या.

नागपूरच्या जुन्या वस्तीतील ही मुलींची माध्यमिक शाळा आहे. वर्ग पाचवी ते दहावी, माध्यम मराठी, अनुदान शंभर टक्के. मी येथे मराठी आणि संस्कृत शिकवते. मुख्याध्यापक होण्याची इच्छा मला कधी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे, आणि त्यानुसार हे पद सेवाज्येष्ठतेने भरले जाते. माझी नियुक्ती २५ जून १९९८ ची आणि विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीची ९ जुलै १९९८ ची. चौदा दिवसांच्या अंतराने सत्तावीस वर्षांनंतर मला त्या खुर्चीत बसवले. नको असल्यास आपण आपला हक्क सोडत आहोत असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते. मी तसा कागद जानेवारीत एकदा लिहिलाही होता. मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, "तू नाही म्हणशील तर मला बसावे लागेल, आणि माझी दहावीची तुकडी कोण घेईल?" कागद मी फाडून टाकला. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

शाळा समितीचा ठराव मार्चमध्ये झाला. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून ठरावाची प्रत दिली आणि एकच सूचना केली, "बाई, प्रभार घेताना घाई करू नका." तेव्हा मला ती सूचना औपचारिक वाटली होती.

एप्रिल महिना कसा गेला हे विदर्भातील शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी राज्यभर एकच वेळापत्रक आल्याने परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा चालल्या. एरवी आमच्याकडे पंधरा एप्रिलपर्यंत पेपर आटोपून तपासणी सुरू झालेली असते. या वेळी पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला, शाळा सकाळची, तरी साडेदहानंतर वर्गात बसवत नव्हते; आम्ही कूलरमध्ये वाळा भरला, मुलींना डोक्याला रुमाल बांधून येण्यास सांगितले आणि प्रत्येक मजल्यावर पाण्याचे रांजण ठेवले. शेवटचा पेपर शुक्रवारी झाला. त्यानंतर निकाल तयार करण्यास पाच दिवस, त्यात एक रविवार. त्याच पाच दिवसांत प्रभाराची देवाणघेवाण व्हायची होती.

प्रभार यादी, म्हणजे पद सोपवताना ताब्यात द्यायच्या वस्तूंची आणि कागदांची यादी, नेमकी कशी असते, हे मला सत्तावीस वर्षांत कधी नीट कळले नव्हते. मोठ्या बाईंनी नऊ वर्षांपूर्वीची, म्हणजे त्यांनी स्वतः प्रभार घेतला तेव्हाची, यादी बाहेर काढली. तिच्यात खुर्च्या, बाके, प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या, एक हार्मोनियम, दोन तबले, भिंतीवरची घड्याळे असे सारे क्रमाने लिहिलेले होते. तीच यादी पुढे ठेवून आम्ही दोघी आणि आमचे लिपिक शनिवारी सकाळी मोजणीला बसलो. हार्मोनियमचा भाता फाटलेला निघाला. परीक्षानळ्या यादीपेक्षा अधिक भरल्या, त्यामुळे लिपिकांना उगीचच चिंता वाटू लागली. जडवस्तूंचे काम दुपारी दोनपर्यंत संपले.

खरा वेळ लागला तो कागदपत्रांना. रोकडवही, बँकेची पासबुके, शुल्काच्या पावतीपुस्तकांची मूळ प्रत आणि स्थळप्रत, प्रत्येक कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक, वैयक्तिक मान्यतेचे आदेश, संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या आदेशांच्या प्रती, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची नोंदवही, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीच्या याद्या. ही शिष्यवृत्ती तेव्हा पाचवी ते सातवीच्या मागासवर्गीय मुलींना महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीच्या मुलींना १०० रुपये अशी दहा महिन्यांची होती. रक्कम लहान दिसते, परंतु पालक ती रुपयाने मोजतात आणि तिच्या यादीतले एक नाव चुकले तर आई दारात उभी राहते. सेवापुस्तकांवर मी अधिक वेळ घालवला, कारण त्याच एप्रिलमध्ये नागपूर विभागातील बोगस शालार्थ आयडीचे, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतील खोट्या ओळख क्रमांकांचे, प्रकरण उघडकीस आले होते आणि वर्तमानपत्रांतून रोज त्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या शाळेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही प्रत्येक नियुक्तीमागे मान्यतेचा मूळ आदेश आहे की नाही, त्याचा जावक क्रमांक जुळतो की नाही, हे मी पान उघडून पाहिले. मोठ्या बाई शांतपणे समोर बसून होत्या. त्यांच्या जागी मी असते तर मला राग आला असता.

सर्वांत शेवटी आले दाखल-खारीज रजिस्टर. शाळेबाहेरच्या माणसाला त्याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलीचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रवेशाचा व शाळा सोडल्याचा दिनांक हे सारे एका ओळीत असते, आणि ते रजिस्टर कायमस्वरूपी जपायचे असते. जात पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीची नोंद मिळाली, तर अर्जदाराचे काम सोपे होते. नाते वडिलांकडचे हवे. त्यामुळे मुलींच्या शाळेत लोक आईची किंवा आजीची नोंद शोधत येत नाहीत; ते वडिलांच्या आत्याची, आजोबांच्या बहिणीची नोंद शोधत येतात. लग्नानंतर नाव बदललेल्या, नातवंडांना धड आठवतही नसलेल्या त्या बायका येथे माहेरच्या नावाने, वयाच्या दहाव्या वर्षी, जशाच्या तशा लिहिलेल्या असतात. घरातल्या आजोबांची शाळा खेड्यात होती आणि तिचे दप्तर कधीच वाळवीने खाल्ले; त्यांची धाकटी बहीण मात्र नागपुरात मामाकडे राहून शिकली, अशा कितीतरी कुटुंबांचा एकमेव पुरावा आमच्या आलमारीत आहे.

जुने खंड मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काळातील छापील नमुन्यात आहेत. शाई तपकिरी झालेली, अक्षर सुंदर. मी पृष्ठसंख्या मोजत होते. तिसऱ्या खंडात, १९४० नंतरच्या नोंदींमध्ये, अनुक्रमांक १४२० नंतर एकदम १५४१ आला. तीन पाने नव्हती. पानांच्या मुळाशी शिवणीत कागदाचे बारीक तुकडे राहिले होते.

मी मोठ्या बाईंकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "ती तशीच आहेत."

"नऊ वर्षांपूर्वीच्या यादीत तसे लिहिलेले नाही," मी म्हटले. तेथे केवळ 'दाखल-खारीज रजिस्टर, खंड १ ते ९, सुस्थितीत' एवढेच होते.

लिपिक उठून पाणी आणायला गेले. समजूतदार माणूस आहे.

आता येथे माझी मनःस्थिती लपवून चालणार नाही. या बाईंच्या हाताखाली मी नऊ वर्षे आणि त्याआधी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अठरा वर्षे काम केले. माझ्या आईच्या आजारपणात माझे तास त्यांनी स्वतः घेतले होते. सेवेचे तीन दिवस उरलेले असताना त्यांच्यासमोर 'खंड ३ मधील तीन पाने नाहीत' असा शेरा लिहिणे म्हणजे जणू त्यांच्यावर बोट ठेवणे, असे मला वाटत होते. आणि न लिहिणे म्हणजे ती पाने मी ताब्यात घेतली असे सही करून मान्य करणे. या दोहोंमध्ये तिसरी वाट नव्हती. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले असणार, कारण शेवटी त्याच बोलल्या.

"मी प्रभार घेतला तेव्हाच पाने नव्हती. मला दिसले होते. पण तेव्हाच्या मोठ्या बाई माझ्या गुरू होत्या. मी त्यांची विद्यार्थिनी, याच शाळेतली. लिहायला हात झाला नाही. तू लिही."

मी शेरा लिहिला. अनुक्रमांक १४२१ ते १५४० च्या नोंदी असलेली तीन पाने प्रभार घेतेवेळी खंडात आढळून आली नाहीत, शिवणीत पानांचे अवशेष दिसतात, असे शब्द होते. त्यांनी वाचून खाली सही केली, मग मी केली. दिनांक मात्र आम्ही संपूर्ण यादीला एकच घातला, ३० एप्रिल २०२५, मध्यान्होत्तर, कारण प्रभार त्या दिवशी हस्तांतरित होणार होता. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येतो.

तीस तारखेला अक्षय तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि घरोघरी आंब्याचा रस असतो, त्यामुळे निरोप समारंभ सकाळी आठलाच ठेवला. शाल, श्रीफळ, माजी विद्यार्थिनींचे बोलणे, सचिवांचे थोडे लांबलेले भाषण, हे सारे जसे होते तसे झाले. मोठ्या बाई स्वतः चार मिनिटे बोलल्या आणि त्यातली दोन मिनिटे त्यांनी स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचे अपुरे काम कोणाकडे आहे हे सांगण्यात घालवली. मला ते भाषण फार आवडले. दुपारी एक वाजता त्यांनी चाब्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मावशी दारात रडत होत्या. त्यांच्याकडे पाहिल्यावर मोठ्या बाईंचाही धीर सुटला.

निकालपत्रकांचा प्रश्न आम्ही असा सोडवला: वर्गवार एकत्रित निकालपत्रक २९ तारखेला त्यांनी तपासून मंजूर केले, कारण मूल्यमापन त्यांच्या कारकिर्दीतले होते, तर मुलींच्या हाती द्यायच्या प्रगतिपत्रकांवर १ मे हा दिनांक असल्याने त्यांवर मी सही केली. ३० तारखेच्या रात्री घरी आंब्याच्या रसाची वाटी बाजूला ठेवून मी चारशेच्या वर सह्या केल्या. पहिल्या पन्नास सह्या माझ्या नेहमीच्या, पुढच्या आखडत गेलेल्या. नववीतल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी ध्वजवंदनानंतर प्रगतिपत्रक उलटसुलट करून विचारले, "बाई, ही तुमची सही आहे का?" मी म्हटले, आहे. ती म्हणाली, "मोठ्या बाईंची छान होती." ध्वज पहिल्यांदाच मी फडकवला होता आणि दोरीची गाठ एका ओढीत सुटली याचा आनंद तेवढ्यावर विरला.

मे महिन्याबद्दल थोडक्यात. ठराव झाला, प्रभार झाला, तरी शिक्षणाधिकाऱ्यांकडून स्वाक्षरीचे अधिकार मिळेपर्यंत मुख्याध्यापकाला वेतन देयक सादर करता येत नाही. प्रस्तावासोबत ठराव, सेवाज्येष्ठता यादी, माझ्या शैक्षणिक पात्रतेच्या प्रती, नमुना स्वाक्षऱ्या असे सर्व जोडून मी तो स्वतः नेऊन दिला. सुटीत सर्व शिक्षक गावोगावी गेलेले आणि वेतन वेळेवर होईल की नाही याची चौकशी मात्र रोज फोनवर. आदेश हाती आला त्या दिवशी मी कार्यालयाबाहेर उसाचा रस प्याले.

त्याहून अधिक गंमत मोबाइल क्रमांकाची झाली. शालार्थ, शाळेची व मुलींची माहिती भरायच्या यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी प्रणाली, परीक्षा मंडळाचे संकेतस्थळ, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ, सगळीकडे मोठ्या बाईंचा क्रमांक नोंदवलेला होता. प्रभार यादीत परीक्षानळ्या मोजल्या, पण हा क्रमांक कुणाच्या ध्यानात आला नाही. बाई ६ मे रोजी मुलीकडे पुण्याला गेल्या. मी येथे लॉगिन करायचे, ओटीपी तिकडे त्यांच्या फोनवर जायचा, त्या नातवाला झोपवत असायच्या, आणि त्यांनी आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली असायची. शेवटी आम्ही दुपारी तीन ही वेळ ठरवली. आठवडाभर त्या घड्याळ लावून फोन हातात घेऊन बसल्या. निवृत्तीनंतरचे ते आठ दिवस सेवेत धरावेत, असे मी त्यांना म्हटले.

दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, मुलींचा ९६.१४, नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांसह नऊ विभागांत शेवटी. आमच्या शाळेचा निकाल विभागाच्या वर राहिला, पण सात मुली गणितात किंवा विज्ञानात राहिल्या. माझ्या मैत्रिणीने त्या सातही जणींना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गाठले आणि पुरवणी परीक्षेचे अर्ज भरून घेतले. तिची दहावीची तुकडी कोण घेईल, हा तिचा जानेवारीतला प्रश्न मला तेव्हा पुन्हा आठवला.

कर्मचाऱ्यांमधील बदलांपैकी सर्वांत कठीण बदल जूनमध्ये झाला. मंजूर पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. सहावी ते आठवीला पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असे शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण आहे. मराठी माध्यमाच्या आमच्या शाळेत पट दरवर्षी थोडा थोडा घसरतो आहे, आणि आधारची माहिती न जुळणाऱ्या मुली मोजणीतून सुटतात. जन्मतारखेतला एक आकडा किंवा आडनावातली एक वेलांटी वेगळी असली तरी मुलगी वर्गात बसलेली असते आणि संचमान्यतेत नसते. आमचे एक पद कमी झाले आणि सर्वांत कनिष्ठ असलेल्या इंग्रजीच्या मॅडम अतिरिक्त ठरल्या. त्यांचे समायोजन कामठी मार्गावरील एका शाळेत झाले. सेवा, वेतन सारे सुरक्षित राहते, हे मी त्यांना समजावून सांगत होते, त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे, बाई. नववीच्या मुलींचे नाटक बसवायचे राहिले." त्यांचा कार्यमुक्तीचा आदेश हा माझ्या सहीने निघालेला पहिला आदेश. मसुद्यात मी 'आपण केलेल्या सेवेबद्दल शाळा ऋणी आहे' असे वाक्य घातले होते. लिपिकांनी ते काढायला सांगितले, आदेशात असे लिहीत नाहीत म्हणून. ते वाक्य मी वेगळ्या पत्रात लिहून दिले. त्यांचे तास आता गेल्या वर्षी पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलमार्फत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालेल्या मॅडमकडे गेले आहेत. महिना १८ हजार मानधनावर तीन वर्षे काढायची असलेल्या या मुलीवर वर्गशिक्षकपदही आम्हीच टाकले, याची मला थोडी लाज वाटते.

शाळा सोमवारी, २३ जूनला उघडली. त्याआधी आठवीतील दोन मुलींची पुनर्परीक्षा झाली. दोघी उत्तीर्ण झाल्या.

शाळा उघडल्याच्या चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाचा अभियांत्रिकीचा प्रवेश होता आणि जात पडताळणीसाठी त्यांना आपल्या वडिलांच्या आत्याची नोंद हवी होती. नाव, अंदाजे वर्ष, मामाचे नाव, सर्व माहिती त्यांनी वहीत व्यवस्थित लिहून आणली होती. मी खंड काढला. वर्षाचा अंदाज घेत पाने उलटताना माझ्या पोटात गोळा आला, आणि झाले तसेच: त्या वर्षीचे प्रवेश १४१२ पासून सुरू होत होते आणि १४२० ला तुटत होते. उरलेल्या आठ-नऊ नावांत ती आत्या नव्हती.

त्यांना मी खंड दाखवला. पाने उपलब्ध नसल्याचे पत्र देते, असे सांगितले. ते जराही रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, "पाने कधीपासून नाहीत, तेवढे पत्रात लिहाल का? पडताळणी समिती विचारेल."

आणि तेथे मी अडकले. कागदावर त्याची एकच नोंद होती, माझ्या प्रभाराची, आणि तिचा दिनांक ३० एप्रिल २०२५. त्याआधीची यादी 'सुस्थितीत' असे म्हणत होती. कागद पाहणाऱ्याला पाने माझ्याच हाती येताना गेली, असे वाटले असते. त्यांना मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आणि मोठ्या बाईंना फोन केला. मी संपूर्ण सांगून होण्याआधीच त्या म्हणाल्या, "लिहून पाठवते. माझ्या आधीच्या बाईंचेही विचारते, त्या अजून आहेत."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टपालाने पाकीट आले. आत साध्या फुलस्केप कागदावर अर्ध्या पानाचे निवेदन होते: आपण प्रभार स्वीकारला तेव्हाच खंड ३ मधील ही तीन पाने नव्हती, ते आपल्या निदर्शनास आले होते, तसा शेरा यादीत न लिहिणे ही आपली चूक होती. खाली सही. तिच्याखाली ना पदनाम, ना शिक्का. गेल्या नऊ वर्षांत मी त्यांची सही शिक्क्याशिवाय कधी पाहिली नव्हती. सोबत दुसरा एक कागद होता, थरथरत्या अक्षरातला, तीनच ओळींचा, त्यांच्या आधीच्या मोठ्या बाईंचा. त्यांनाही पाने तशीच मिळाली होती.

दोन्ही कागदांना आवक क्रमांक घालून मी ते प्रभार यादीला जोडले, आणि त्या गृहस्थांना दिलेल्या पत्रात दिनांकाच्या जागी दोन मुख्याध्यापकांच्या निवेदनांचा संदर्भ लिहिला. अर्जाचे काय झाले ते त्यांनी अजून कळवलेले नाही.